आधी पत्रपेटीवर नाव

पत्र थोडक्यात: देवगड तालुक्यातल्या एका वाडीतली तेवीस वर्षांची मुलगी सप्टेंबरच्या शेवटी मास्टर्ससाठी बर्लिनला गेली. शैक्षणिक कर्जासाठी वडिलांची हापूसची कलमं तारण आहेत, मामा जामीन आहे. महाराष्ट्रातल्याच एका सीनियर विद्यार्थ्याने त्याच्या भाड्याच्या घरातली अर्धी खोली तिला डिसेंबरअखेरपर्यंत दिली आहे. भाडं रोख, कागद नाही, आणि 'इथे पत्त्याची नोंदणी होणार नाही' हे त्याने आधीच सांगितलंय. नोंदणी नाही म्हणून बँकेत खातं नाही, खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले आणि दर महिन्याला थोडे थोडे सुटणारे, पैसे सुटत नाहीत. भारतातून नेलेल्या फॉरेक्स कार्डावर दिवस चाललेत. वर्गात ती गप्प असते. एकदा सुकट भाजली तर घरातल्या दुसऱ्या मुलीने सगळ्यांसमोर नाक मुरडलं, तेव्हापासून ती ब्रेडवर आहे. घरी मात्र 'हॉस्टेल मिळालं, सगळं छान' असं सांगितलंय. रोज संध्याकाळी आईशी दोन तास व्हिडिओ कॉल होतो, आणि तो संपला की रडू येतं. ती विचारते: "मी इथली नाही हे पाच आठवड्यांत कळलं. कर्ज फार वाढण्याआधी डिसेंबरातच परत येणं शहाणपणाचं नाही का? आणि घरी खरं कधी, कसं सांगू?"

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना 'मला जमत नाही', 'मी इथली नाही', 'माझीच लायकी नव्हती' हीच वाक्यं डोळ्यांत भरली. दुसऱ्यांदा ती वाक्यं बोटाने झाकून वाचलं. तेव्हा खाली जे उरलं ते असं: मुलीकडे खोली आहे पण कागद नाही, पैसे आहेत पण हातात येत नाहीत, आणि घरी एक खोटं सांगून ठेवलंय म्हणून कुणाला विचारायची सोय नाही. यातल्या एकाही गोष्टीचा तुझ्या लायकीशी संबंध मला सापडला नाही.

'मी इथली नाही' हे तू मनाचं म्हणून लिहिलंयस. पण सरकारी अर्थाने ते तंतोतंत खरं आहे, हे तुझ्या लक्षात आलंय का? जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. त्याला तुम्ही पोरं आनमेल्डुंग म्हणता. हा एक कागद हातात नसला की पुढचं सगळं अडतं. टॅक्स नंबर त्याच नोंदणीनंतर टपालाने येतो. व्हिसाची मुदत संपण्याआधी राहण्याच्या परवान्यासाठी जो अर्ज करायचा, त्यालाही नोंदलेला पत्ता लागतो. बँकांपैकी बऱ्याच जणांना तो लागतो. तू पाच आठवडे एका शहरात आहेस आणि त्या शहराच्या दप्तरी तू नाहीस. असा माणूस रोज सकाळी उठून 'आपण इथे आगंतुक आहोत' असं म्हणत असेल तर त्यात नवल काय? त्यामुळे परत यायचं की नाही हा प्रश्न मी शेवटी घेणार आहे. आधी खोलीचं बघू.

नोंदणीसाठी तीन गोष्टी लागतात: पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घर देणाऱ्याचा सहीचा दाखला. या दाखल्याचं जर्मन नाव एवढं लांब आहे की ते म्हणेपर्यंत आपली एसटी सुटेल, पण कागद एका पानाचा आहे. आता महत्त्वाची गोष्ट, जी तुला बहुधा कुणी सांगितलेली नाही. पोटभाडेकरूला हा दाखला मूळ भाडेकरूही देऊ शकतो. म्हणजे तुझ्या त्या सीनियरची सही चालते. आणि तो 'देणार नाही' म्हणतोय, पण कायद्याने घर देणाऱ्याला हा दाखला द्यावाच लागतो. तरी तो टाळतोय याचा सरळ अर्थ असा की त्याने मालकाची परवानगी न घेता तुला ठेवलंय, आणि कागद झाला तर ते उघड होईल. त्याच्याशी भांडायला मी सांगत नाही. पण आज व्हॉट्सॲपवर, लेखी, दोन ओळीत विचार: मालकाला माझ्याबद्दल माहीत आहे का? नोंदणीचा दाखला देशील का? उत्तर 'नाही' आलं की तुला कळेल की ही खोली डिसेंबरपर्यंतही टेकू म्हणूनच धरायची, आणि शोध आजच सुरू करायचा.

तू लिहिलंयस, 'आपल्याच माणसाकडे कागद कसा मागू, वाईट दिसेल.' हे मला थोडं खटकलं. भाडं तो रोख मोजून घेतो तेव्हा त्याला वाईट दिसत नाही ना? परमुलुखात आपल्या भाषेचा माणूस भेटला की आपण सैल होतो, आणि ते चांगलंच आहे. त्याच्याकडे चहा प्यावा, गणपतीची आरती म्हणावी. पण व्यवहाराला पावती लागते. गावात शेजाऱ्याला पायवाट दिली तरी आपण चार माणसं बोलावून बोलतो. इथे तर तू पैसे देतेस.

शोध कुठे करायचा? बर्लिनमध्ये खोल्यांची टंचाई खरी आहे, ती तुझ्या नशिबाची गोष्ट नाही. तिथे जन्मलेली पोरंही महिनोन् महिने खोली शोधतात. सरकारी विद्यार्थी-सेवा संस्था, म्हणजे श्टुडिएरेन्डनवेर्क, तिच्या वसतिगृहांच्या यादीत आज नाव घाल. रांग लांब असेल, पण नाव न घातलेल्याची रांग पुढे सरकत नाही. वेगे-गेझूख्टसारख्या साइटवर सामायिक घरातल्या खोल्या असतात, तिथे काही महिन्यांसाठीच्या खोल्याही चालतील. प्रत्येक चौकशीत पहिलं नाही तरी दुसरं वाक्य हेच असू दे: नोंदणी होईल का? मध्यवर्ती भागाचा हट्ट सोड. श्पांडाउ, मार्त्सान असले कडेचे भाग चालतील. सेमिस्टर तिकिटावर लोकल तुला फुकटासारखीच आहे, आणि वाडीवरून देवगड कॉलेजला एसटीने जाणाऱ्या मुलीला पाऊण तासाच्या प्रवासाची भीती मी घालणार नाही. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला मेल कर. एक्स्चेंजला आलेली मुलं सत्र संपताना जातात तेव्हा खोल्या सुटतात, आणि त्या बऱ्याचदा तोंडी किंवा नोटीस बोर्डावरच फिरतात.

दोन ठिकाणी मात्र ठाम राहा. न पाहिलेल्या खोलीसाठी एक युरोही पाठवायचा नाही. 'मालक परदेशात आहे, डिपॉझिट भरा, किल्ली कुरिअरने येईल' हा मेल आला की तो चोर समजायचा. त्यात दरवर्षी नवीन मुलं फसतात. डिपॉझिट कायद्याने मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, हेही लक्षात असू दे. दुसरं, 'शंभर-दोनशे युरो द्या, नोंदणीपुरता पत्ता देतो' असं सांगणारे भेटतील, मराठीत बोलणारेही भेटतील. तिथे न राहता नोंदणी करणं बेकायदा आहे, आणि असा पत्ता देणाऱ्याला ५० हजार युरोपर्यंत दंड आहे. तुझा राहण्याचा परवाना ज्या कागदावर उभा राहणार तो कागद विकत घेऊ नकोस.

खोली मिळाली की त्याच दिवशी दोन कामं. ब्युर्गरआम्टची, म्हणजे तिथल्या नागरिक कार्यालयाची वेळ घे. बर्लिनमध्ये तुझ्याच विभागाचं कार्यालय लागतं असं नाही, शहरातलं कुठलंही चालतं. साइटवर एकही वेळ दिसत नसेल तर सकाळी लवकर पुन्हा पुन्हा बघ, रद्द झालेल्या वेळा तेव्हा वर येतात. नाहीतर ११५ या सरकारी चौकशीच्या नंबरला फोन. बरोबर जर्मन बोलणारं कुणीतरी ने, कारण खिडकीपलीकडची बाई इंग्रजी बोलेलच याची खात्री नाही. आणि दुसरं काम, जे आपल्याकडच्या माणसाला सुचतच नाही: पत्रपेटीवर आणि बेलवर तुझं आडनाव लाव. चिठ्ठी चिकटवलीस तरी चालेल. तिथे फ्लॅटला सहसा नंबर नसतो, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं टपालाने येणारा देश आहे तो. आपल्या वाडीत पोस्टमनला 'खालच्या घरातली' एवढं पुरतं, तिथे नाही पुरत. (नोंदणीनंतर थोड्या दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिना १८.३६ युरोचं. ते बघून घाबरू नकोस आणि केराच्या टोपलीतही टाकू नकोस. ती वर्गणी घरामागे एकच असते. घरातलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा नंबर कळव आणि वाटून घ्या.)

पैशांची अडचण खोलीच्याही आधी सुटू शकते. काही ऑनलाइन बँका पासपोर्टवर, नोंदणीआधीही खातं उघडतात. आधी तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना विचार की त्यांना कुठल्या प्रकारचं खातं चालतं. वर्षाचे ११,९०४ युरो तू तिथे ठेवलेयस, त्यातले महिन्याला ९९२ सुटायचे. हे सुटायला लागले की फॉरेक्स कार्डाकडे बघून ब्रेड खाणं तरी थांबेल.

आता आजोबांकडे येते. पत्रात तू सहज लिहून गेलीस: 'माझे आजोबा सतराव्या वर्षी मुंबईला गिरणीत गेले, ते कधी असे रडले नसतील.'

कशावरून? रात्रपाळीहून आलेला सतरा वर्षांचा पोरगा रडला की नाही हे मनिऑर्डरच्या कुपनावर लिहिलेलं नसतं. तिथे 'मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी' एवढंच मावायचं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तुझे आजोबा मुंबईत एकटे उतरलेच नव्हते. आपल्या कोकणातल्या बहुतेक गावांच्या गिरणगावात खोल्या होत्या, लालबाग-परळात. गावकीची खोली. नवा मुलगा बोटीने नाहीतर एसटीने आला की पहिली रात्र त्या खोलीत. एकाच खोलीत वीस-वीस माणसं, पाळ्यांप्रमाणे झोपणारी. एखाद्या बाईच्या खानावळीत जेवण लावून द्यायचं, कुणीतरी जॉबरला, म्हणजे गिरणीत माणसं लावणाऱ्या मुकादमाला, सांगायचं, कुणीतरी पहिला पगार होईपर्यंत उधार द्यायचं. ट्रंक कुठे ठेवायची हे त्या मुलाला शोधावं लागत नव्हतं. त्या खोल्यांचे मी गोडवे गाणार नाही. तिथे जागा भावकी आणि जात बघून मिळे, आणि तुझ्यासारख्या मुलीला तर तिथे जागाच नव्हती. पण एक गोष्ट ते बरोबर ओळखून होते: नव्या शहरातले पहिले महिने एकट्याने निभवायचे नसतात.

तू मात्र असं धरून चाललीयस की खरा हुशार विद्यार्थी विमानातून उतरतो आणि सगळं आपलं आपण करतो. ही अपेक्षा आली कुठून? आजोबांकडून नक्कीच नाही. मोबाइलवर पहिल्या बर्फाचे फोटो टाकणाऱ्यांकडून आली असेल. त्यांच्या फोटोत ब्युर्गरआम्टची रांग कधी दिसत नाही. २०२३-२४ मध्ये जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी मुलांत सगळ्यांत मोठा गट भारतीयांचा होता, ४९ हजारांच्या वर. तू ज्या गाठीत अडकलीयस तीच गाठ सोडवून बसलेली शेकडो मुलं तुझ्या शहरात आहेत. त्यांना विचारणं म्हणजे कमीपणा घेणं, असं का वाटतं तुला?

आता घरच्या खोट्याविषयी.

'खरं कळलं तर आई खचेल.' हे वाक्य मला दर हंगामात पत्रांतून भेटतं, आणि ते लिहिणाऱ्याचं आईवर प्रेम असतं यात शंका नाही. पण तुझी आई कोण आहे ते जरा बघ. सासरे मुंबईत, आणि घर, गुरं, भात, पावसाळा बायकांनी ओढलेला, अशा घरात ती नांदायला आली. बाहेर गेलेल्या माणसाचं 'सगळं बरं आहे' कसं वाचायचं हे आपल्याकडच्या बाया शाळेत न जाता शिकल्यात. तू स्क्रीनवर हसून सांगतेस, आणि ती विचारते, "काय गो, जेवलंस?" रोज तेच विचारते असं तू लिहिलंयस, जरा वैतागूनच. मला तर वाटतं तिला काहीतरी कळलंय. तिला तपशील माहीत नाही, म्हणून ती आडून विचारतेय. तपशील न कळलेल्या आईला जे जे सुचत असेल ते तुझ्या अर्ध्या खोलीपेक्षा कितीतरी भयंकर असणार.

वडिलांना सांगायचं तर त्याला व्यवहाराचंही कारण आहे. कर्जाचा पुढचा हप्ता त्यांच्या सहीने सुटणार. कलमं त्यांची आहेत. आपल्या तारणाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय हे माहीत असण्याचा त्यांना हक्क आहे.

कसं सांगायचं? रात्री नको. घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे गेली, आता तुमच्यात साडेचार तासांचं अंतर आहे. तुझ्या संध्याकाळी सातला आईचे साडेअकरा वाजलेले असतात. दिवसभर भात झोडून, पेंढा रचून ती तुझ्यासाठी दीडपर्यंत जागी राहते आणि पहाटे पुन्हा उठते, हा हिशेब केलायस का कधी? रविवारी तुझ्या सकाळी नऊला फोन कर. तेव्हा देवगडात दुपारचा दीड, दोघं जेवून ओटीवर असतील. आधी बाबांना फोन द्यायला सांग. पहिलं वाक्य असं ठेव: "बाबा, मी ठीक आहे, पण खोलीचं मी खरं सांगितलं नव्हतं." मग खोली, नोंदणी, पैसे, आणि तू आता काय करतेयस ते, याच क्रमाने. खोटं का बोललीस याचा खुलासा लांबवू नकोस, विचारलं तर सांग. आणि त्यांना काहीतरी काम दे. बँकेत जाऊन हप्त्याचं विचारा, असं सांग. हातात काम असलं की आपल्याकडचा बाप काळजी बरी पेलतो. थोडं रागावतील. रागावू देत. आई रडेल, तिलाही रडू दे, फोन ठेवायची घाई करू नकोस.

परत येण्याचा प्रश्न मात्र त्याच फोनवर काढू नकोस. एकाच दमात 'खोटं बोलले' आणि 'परत येऊ का' दोन्ही आलं की घरचे दुसऱ्यालाच धरून बसतील. एक तर 'ये बाई ये' म्हणतील नाहीतर 'लोकं काय म्हणतील' म्हणतील, आणि दोन्हींपैकी कुठलंही उत्तर घाबरून दिलेलं असेल.

रोजच्या दोन तासांबद्दल थोडं कठोर लिहिते. मुरुडच्या कर्व्यांच्या घरातली सून, इरावतीबाई कर्वे, १९२० च्या दशकाच्या अखेरीस तुझ्याच बर्लिनला पीएच.डी.साठी गेल्या होत्या. डालेम भागातल्या संस्थेत, जिथे आज फ्री युनिव्हर्सिटीचा परिसर आहे. तेव्हा पत्रं बोटीने जायची, उत्तर यायला आठवडे लागायचे. 'बघ त्या कशा राहिल्या' म्हणून हे सांगत नाही. थोरांचं उदाहरण ऐकून आपली खोली गरम होत नाही. सांगायचंय ते एवढंच की रोज संध्याकाळी दोन तास शरीराने एका गावात आणि डोळ्यांनी दुसऱ्या गावात असणं ही नवी गोष्ट आहे. ती कशी पेलायची हे आपल्या कुठल्याच आजीला विचारता येत नाही. तुझ्या पत्रावरून एवढं दिसतं की त्याने तुला बरं वाटत नाही. कॉल संपला की तू रडतेस. शिवाय संध्याकाळचे तेच दोन तास असतात जेव्हा बाकीची मुलं लायब्ररीतून एकत्र उठतात, मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, नाहीतर कुणाच्यातरी स्वयंपाकघरात जातात. तुझी ओळख होण्याची वेळ तू रोज खोलीचं दार लावून घालवतेस. सोमवार ते शनिवार रोज पंधरा मिनिटं, सकाळी चालता चालता. आणि रविवारी मनसोक्त. रविवारी तिथे दुकानं बंदच असतात, तशी फुरसतच असते.

वर्गाचं मला फार गंभीर वाटत नाही. जर्मन मुलं अनोळखी माणसाशी हवापाण्याचं बोलत नाहीत. ती फक्त तुझ्याशीच असं वागतात असं धरू नकोस. लेक्चर संपल्यावर टाळ्या न वाजवता बाक ठोकणारी माणसं ती, त्यांची आपुलकीही ठोकून बघितल्यावरच कळते. मोठ्या व्याख्यानात बोलायची गरज नाही. सरावाच्या छोट्या वर्गात बस, आणि शेजारच्या एकाच व्यक्तीला गृहपाठ एकत्र करायचा का एवढं विचार. आणि पहिल्याच सत्रात ३० क्रेडिट पुरे करायचा हट्ट नको. अभ्यासक्रमाच्या सल्लागाराला भेटून तीन-चार विषय नीट घ्यावेत असं मी म्हणेन. परीक्षेसाठी नाव वेगळं नोंदवावं लागतं, त्याची मुदत मात्र आजच बघून ठेव.

सुकटीबद्दल तू कळवळून लिहिलंयस. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण सुकट भाजली की आमच्या इथेही वरच्या मजल्यावरून खिडक्या लागतात. त्या मुलीला वास सहन झाला नाही; तिने ते नीट सांगायला हवं होतं, सगळ्यांसमोर नाक मुरडायला नको होतं. एवढीच ती गोष्ट आहे. तिच्यापायी तू महिनाभर ब्रेड खाल्लास, ही शिक्षा तुला कुणी दिली? जर्मन लोक भर थंडीतही खिडक्या सताड उघडून हवा खेळवतात, भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून भाडेकरूकडून तशी अपेक्षाच असते. त्याचा फायदा घे: सुकट भाजायची ती घरात कुणी नसताना, दार लावून, खिडकी उघडून. रोजच्यासाठी मात्र कुळथाची पिठी आहे ना तुझ्याकडे? लसूण, पीठ, दोन आमसुलं, दहा मिनिटांचं काम, आणि वासाची तक्रार कुणी करणार नाही. नारळाच्या दुधाचे डबे आशियाई दुकानात मिळतात, तांदूळ तुर्की दुकानात. मायबाखउफर या कालव्याकाठच्या रस्त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो, तिथे जाऊन ये. आपल्या आठवड्याच्या बाजारासारखीच ओरड असते आणि बंद व्हायच्या वेळी भाजी स्वस्त होते. नीट जेवल्याशिवाय कुठलाही मोठा निर्णय घेऊ नकोस, हे मी अगदी शब्दशः म्हणतेय.

एक गोष्ट गंभीरपणे. डिसेंबरात बर्लिनला सव्वाआठला उजाडतं आणि चारच्या आत सूर्य मावळतो. सोळाव्या अक्षांशावरून बावन्नाव्यावर गेलेल्या अंगाला हे जड जातंच. दुपारी, उजेड असताना, अर्धा तास बाहेर चाल, पाऊस असला तरी. पण तू लिहिलंयस की झोप लागत नाही आणि सकाळी उठावंसं वाटत नाही. हे आणखी दोन आठवडे टिकलं, किंवा खाणं-आंघोळ सुटायला लागलं, तर श्टुडिएरेन्डनवेर्कच्या मानसिक समुपदेशकाची वेळ घे. नाव दाखल असलेल्या विद्यार्थ्याला ते मोफत आहे आणि तिथलं बोलणं विद्यापीठाला कळत नाही. जीव नकोसा वाटण्यापर्यंत विचार गेले तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी ११२ ला फोन करायचा आणि घरातल्या कुणालाही उठवायचं, मग ती सुकटीवाली का असेना. अशा वेळी परत येण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, कर्जबिर्ज नंतर बघता येतं.

तसं नसेल तर तुझ्या 'आत्ताच आलं तर नुकसान कमी' या हिशेबाकडे बघू. हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठात शिकवणीची फी नाही, सेमिस्टरची वर्गणी तू भरून टाकलीस. म्हणजे कर्जातला मोठा भाग अजून तुझ्याच नावावर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पडून आहे, तो दर दिवशी बुडत नाहीये. डिसेंबरात येणं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, परीक्षा देऊन येणं यात फरक दोन-तीन महिन्यांच्या खर्चाचा, म्हणजे आजच्या भावाने दोन-तीन लाखांचा. ही रक्कम आपल्याकडे लहान नाही, हे मला कळतं. पण त्या पैशात तुला काय मिळतं ते बघ: नोंदलेला पत्ता, हातात येणारे पैसे, घरी खरं सांगून झालेलं, आणि एक परीक्षा. ते सगळं असताना बर्लिन कसं लागतं हे तुला अजून माहीतच नाही. आत्ता तू निर्णय घेतलास तर तो अर्ध्या खोलीवरचा असेल, शिक्षणावरचा नाही.

म्हणून माझं मत असं: फेब्रुवारीतल्या परीक्षा होईपर्यंत परत येण्याचा विषय बाजूला ठेव. एक तारीख ठरव आणि बाबांनाही ती सांग. त्या दिवशी स्वतःला विचार: हा विषय मला शिकायचा आहे का? इथे एकदोन माणसं जोडली गेली का? शरीर-मन बरं आहे का? उत्तरं 'नाही' आली तर परत ये, आणि मान खाली घालून येऊ नकोस. लोक थोडे दिवस बोलतील, मग आंब्याचा हंगाम सुरू होईल आणि त्यांना दुसरे विषय मिळतील.

आणि यायचं ठरलंच तर तिकीट काढण्याआधी एवढं कर. विद्यापीठातून रीतसर नाव काढून त्याचा कागद घे. शहर सोडत असल्याची नोंद ब्युर्गरआम्टला दे, तिचाही कागद मिळतो. विमा आणि खोलीचा करार लेखी बंद कर, डिपॉझिट कुठल्या खात्यात यायचं ते कळव. ब्लॉक्ड अकाउंटमधली शिल्लक कशी परत मिळते आणि त्यासाठी कुठले कागद लागतात हे त्यांना जर्मनीत असतानाच विचार, भारतातून हे मेल फार लांबतात. आणि बाबांना घेऊन बँकेत जा: कोर्स अर्धवट सोडला तर हप्ते कधीपासून सुरू होतात हे कर्जाच्या करारात लिहिलेलं असतं, ते पान शोधून त्यांच्यासमोर वाच.